लंगोटांची भट्टी

१० ऑगस्ट १९५६, शुक्रवार. बाळाचे लंगोट वाळवणे.

माझ्या कामांच्या वहीत त्या तारखेखाली एवढी एकच ओळ आहे. एरवी एका दिवसाखाली आठ-दहा कामं असत. गाईला मोहफुलं भिजवणे, कंदिलाच्या काचा पुसणे, असली. त्या दिवशी दुसरं काही लिहिलं नाही, कारण दुसरं काही झालंच नाही.

आम्ही तेव्हा गोंडपिपरीच्या पुढे, जंगलातल्या एका लाकूड डेपोच्या क्वार्टरमध्ये राहत होतो. आमचे हे डेपोत कारकून. दोन खोल्या, मागे पडवी, पडवीपुढे अंगण आणि अंगणापुढे सागाच्या ओंडक्यांच्या रांगा. लेक पहिल्या बाळंतपणाला आली होती. बाळ झालं त्याच दिवशी पाऊस लागला आणि पुढचे नऊ दिवस तो थांबला नाही. बाळही थांबलं नाही. दिवसाला चोवीस लंगोट. मी मोजले होते.

धुणं काही अवघड नव्हतं. पाणी तर दारातच पडत होतं. वाळवणं अवघड होतं. दोरीवर टाकलेला लंगोट तिसऱ्या दिवशी टाकला तेव्हापेक्षा जड लागायचा आणि चौथ्या दिवशी त्याला वास यायचा. मी जुन्या साड्या फाडल्या, ह्यांचं एक धोतर फाडलं. दुसऱ्या धोतराकडे नजर वळली तेव्हा हे म्हणाले, "सागाचं लाकूड वाळायला वर्ष लागतं. लंगोटाला चार दिवस लागले तर एवढं काय?"

"लाकूड मांडीवर घेऊन बसायचं नसतं," मी म्हटलं.

तर पाचव्या दिवशी मी यंत्र केलं. डेपोमागच्या वस्तीत एक म्हातारा बुरूड होता. आमच्या भागात धान साठवायला बांबूची मोठी ढोली विणतात. माणूस आत उभा राहील एवढीसुद्धा असते. मी त्याच्याकडून कमरेइतकी उंच ढोली घेतली आणि ती पडवीत उलटी घातली. तोंड खाली, बूड वर. आत मधोमध कोळशाची शेगडी, शेगडीच्या वर हातभर अंतरावर आडव्या कामट्या आणि कामट्यांवर लंगोट. बाळंतिणीकडे शेगडीवर टोपली पालथी घालून कपडे शेकायची रीत आहेच. मी फक्त टोपली मोठी केली.

बुरुडानं विचारलं होतं, "वरतं भोक ठेवू का, बाई?"

"भोक कशाला? आच निघून जाईल."

"ढोलीले बी वारा लागते जी. नाई तं आत धान गरमते."

"मी धान कुठं ठेवते आहे?"

"तुमी सांगान तसं, बाई," म्हणून त्यानं बूड विणून बंद केलं. काम येणारा माणूस दोनदा सांगत नाही.

ढोली पडवीत आली आणि मी दुसरी गोष्ट केली. इकडे नवी ढोली घरात आली की बाईचा हात आपोआप शेणाकडे जातो. धान ठेवायचं तर एक फट चालत नाही, म्हणून आतून-बाहेरून शेणमातीनं लिंपायची, सुकवायची, मगच वापरायची. लिंपल्याशिवायची ढोली म्हणजे काम अर्धं टाकलेलं घर. मी धान ठेवणार नव्हते, तरी लिंपली. आतून लिंपली, बाहेरून लिंपली आणि खालची कड जमिनीला टेकत होती तिथंही ओल्या मातीचा बांध घातला. पुढे एक झापड ठेवलं होतं, कोळसे घालायला. तेही लावलं की कडेनं मातीचं बोट फिरवत होते. जराही धग बाहेर जाऊ द्यायची नाही, असा माझा हट्ट.

पहिल्याच दिवशी आत धूर कोंडला. मग मी बुडाला भोक पाडून एक पोकळ बांबू बसवला, आतल्या गाठी फोडून. तो उतरता पडवीच्या कडेपर्यंत, छपराखालीच काढला. सांध्याला पुन्हा माती लावली. थोड्याच वेळात बांबूच्या टोकातून पाणी ठिबकायला लागलं. अंगणात आधीच चिखल, म्हणून मी त्याखाली एक मडकं ठेवलं. संध्याकाळपर्यंत मडकं पाव भरलं आणि मला फार बरं वाटलं. लंगोटातलं पाणी डोळ्यांसमोर बाहेर पडत होतं. यंत्र चालत होतं.

फक्त लंगोट वाळत नव्हते.

गरम व्हायचे. चांगले चटका बसेल असे गरम. पण ओले. आणि कोळसे अर्ध्या तासात विझायचे. मी आधी कोळशावर संशय घेतला. डेपोतले कोळसे ओलसर असतील म्हणून धावड्याचे खडखडीत कोळसे आणवले. तेही विझले. मग पिळण्यावर संशय घेतला आणि एकेक लंगोट खांबाला अडकवून पिळला. दोन फाटले. मग बांबूचा उतार वाढवला. मडकं लवकर भरू लागलं, लंगोट तसेच. मग मी जिथं जिथं बारीक चीर दिसली तिथं आणखी माती लावली. चार दिवस हे चाललं होतं. लेकीला मी सांगत होते, "जमतंय." तीही बिचारी गरम ओला लंगोट हातात घेऊन "हो, पुष्कळ फरक आहे" म्हणत होती.

आणि गुरुवारी संध्याकाळी, बारशाला तीन दिवस असताना, विहीणबाई आल्या.

वर्ध्याहून आल्या होत्या. आगगाडी, मोटार आणि शेवटी चार कोस बैलगाडी. नऊवारी लुगडं गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेलं. दारात उभ्या राहून त्यांनी आधी हवा हुंगली.

"कुबट वास येऊन राह्यला," त्या म्हणाल्या. मग बाळाजवळ गेल्या, त्याच्या अंगाखालचं दुपटं ओढलं आणि आपल्या गालाला लावलं. त्यांची ओल बघायची रीत ही. हाताला कळत नाही ते गालाला कळतं, असं त्यांचं म्हणणं, आणि ते खरं आहे. गालावरून दुपटं काढून त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"विहीणबाई, हे ओलं हाये."

"गरम आहे," मी म्हटलं.

"गरम बी हाये आन् ओलं बी हाये. भाजी हाये का हे?"

रात्री जेवताना त्यांनी ठरवून टाकलं. बारसं वर्ध्याला करायचं. त्यांच्या घराला पत्र्याची माडी आहे, माडीवर कपडे वाळतात. ज्या बैलगाडीनं आल्या ती त्यांनी ठेवूनच घेतली होती. शनिवारी सकाळी सून आणि बाळ घेऊन निघायचं. "जंगलात लेकराले सर्दी झाली, छातीत गेली, तं मी पोराले काय सांगू?" त्या म्हणाल्या. त्यांचं चुकत होतं असं मला म्हणता येईना.

पण लेक तासभरसुद्धा बसू शकत नव्हती. बाळंतपणात तिला बराच त्रास झाला होता, रक्त गेलं होतं, उठली की डोळ्यांपुढे अंधारी यायची. चार कोस बैलगाडीत हादरे, मधला नाला अर्धी चाकं बुडतील इतका भरलेला, पुढे मोटार, चांद्याला आगगाडी. पोरगी वाटेत आडवी पडली असती. हे मी बोलून दाखवलं तर विहीणबाई म्हणाल्या, "मी बी सहा बाळंतपणं केली. पाचव्या दिवशी दळत होती."

शेवटी मी म्हटलं, "उद्या सांजेपर्यंत बारा लंगोट कोरडे दाखवले तर?"

विहीणबाईंनी विचार केला. बाई कडक होती, पण सरळ. "बारा नाई, अठरा. माझ्या गालाले कोरडे लागले पायजे. तं सव्वा महिना ठेवा सुनेले. नाई तं गाडी सकाळी निघन."

म्हणून शुक्रवारच्या वहीत ती एकच ओळ.

सकाळपासून मी शेगडीशी. पहिली खेप अठरा लंगोटांची घातली, कोळसे भरले, झापड लावलं, माती फिरवली. पाऊस सरळ रेषेत पडत होता. विहीणबाई पडवीच्या दुसऱ्या टोकाला खाटेवर बाळ मांडीवर घेऊन बसल्या होत्या आणि मला काम करताना बघत होत्या. दर तासानं मी झापड काढायचे, एक लंगोट ओढायचे, त्या तो गालाला लावायच्या आणि परत द्यायच्या.

दुपारी बाराच्या सुमाराला कोळसे तिसऱ्यांदा विझले. मी पदर खोचून, चेहरा काळा करून फुंकत होते, तोच ओंडक्यांच्या आडून एक छत्री आली. छत्रीखाली आबकारीचा जमादार.

हा माणूस आम्ही ओळखत होतो, म्हणजे ह्या भागात सगळेच ओळखत. मोहाच्या दारूच्या चोरट्या भट्ट्या शोधून फोडणं हे त्याचं काम. धूर दिसला की पाच कोसांवरून यायचा असं लोक म्हणत. तो अंगणात येऊन थांबला. त्यानं आधी बांबू पाहिला. मग बांबूच्या टोकाखालचं मडकं पाहिलं, ठिबकणारं पाणी पाहिलं, मातीनं लिंपलेले सांधे पाहिले, शेगडी पाहिली. मग पडवीच्या कोपऱ्यात गाईसाठी ठेवलेली मोहफुलांची टोपली पाहिली. त्याच्या चेहऱ्यावर दुःखच पसरलं.

"बाई," तो म्हणाला, "सरकारी क्वार्टरमंदी?"

"काय सरकारी क्वार्टरमध्ये?"

"हे. दिवसाढवळ्या. बाबू डेपोत बसले हायेत, आन् मांगं हे चालून राह्यलं."

मला अजून कळलं नव्हतं. मी म्हटलं, "पाच दिवसांपासून चालू आहे, पण नीट निघत नाही हो."

जमादारानं पडवीत चढून छत्री मिटली. कबुली इतक्या लवकर त्याला कधी मिळाली नसावी. "नीट निघत नाई म्हणता?"

"बघा ना, मडकं भरतं, पण पाहिजे तसं होत नाही. पाहुण्यांसमोर लाज वाटते."

तेवढ्यात विहीणबाई पलीकडून म्हणाल्या, "अठरा पायजे मले सांजेपर्यंत. नाई तं मी घेऊन जाईन."

जमादारानं त्यांच्याकडे वळून पाहिलं. सोन्याच्या पाटल्या घातलेली, वर्ध्याकडची, भारी बाई, मांडीवर तान्हं बाळ, आणि म्हणते अठरा पाहिजेत. तो इतका गंभीर झाला की त्यानं टोपीच काढली. मग ती पुन्हा घातली, मडक्याजवळ वाकला, दोन बोटं बुडवली, वास घेतला. वास नीट कळला नसावा, म्हणून त्यानं ओंजळ भरली आणि प्यायला.

मी ओरडले, पण घोट गेला होता.

"काय हाये हे?" तो म्हणाला. चेहरा बघण्यासारखा होता.

विहीणबाईंनी अगदी शांतपणे सांगितलं, "लेकराच्या लंगोटाचं पानी हाये, भाऊ. साबन लावून धुतले हायेत तसे."

पुढचा अर्धा तास जमादार आमच्या अंगणात चुळा भरत होता. मी त्याला तांब्यावर तांब्या देत होते. आतून लेक हसत होती. बाळंतपणानंतर पहिल्यांदा तिचं हसणं ऐकलं. विहीणबाई हसल्या नाहीत, पण बाळाला तोंडावर धरून बसल्या होत्या, ते बाळासाठी नव्हतं.

चहा घेऊन तो माणसात आला. मग ढोलीभोवती फिरला. बोटानं सांधे दाबून पाहिले, बांबूचा उतार डोळ्यानं मापला, झापडाच्या कडेची माती नखानं खरवडली. धंद्यातल्या माणसाचा हात असतो तसा त्याचा हात फिरत होता.

"अठरा वर्सं भट्ट्या फोडून राह्यलो, बाई," तो म्हणाला. "अशी लिंपलेली भट्टी पायली नाई. एक थेंब वाया जात नाई. कोनी शिकवली?"

"कुणी नाही. लंगोट वाळवायला केली आहे. पण वाळत नाहीत. कशानं?"

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी सागाचं रोप उलटं लावलं आहे. "कशानं म्हणजे? तुमी वाफ धरून ठेवली ना. ह्यातून वाफ कुठी जाईन? वर गेली, मातीले लागली, गार झाली, पानी झालं. अर्धं नळीतून बाहेर, अर्धं परत लंगोटावर. दारू काढनाऱ्याले वाफ धराची असते, म्हनून तो लिंपते. तुमाले सोडाची हाये. तुमी काऊन लिंपता?"

"आणि कोळसे का विझतात?"

"खालून वारा कुठून येईन? तिथं बी तुमी बांध घातला."

मी उभी राहिले. पाच दिवस. धावड्याचे कोळसे, खांबाला पिळलेले लंगोट, दोन फाटलेले. आणि बुरुडानं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, वरतं भोक ठेवू का. मला आच हवी होती. वारा हवा होता हे मला सुचलंच नाही.

"फोडा मग," मी म्हटलं.

जमादार एकदम मागे सरला. "मले दारूची भट्टी फोडाचा हुकूम हाये. लंगोटाची नाई."

"जमादारभाऊ," विहीणबाई खाटेवरून म्हणाल्या, "पानी दारू समजून प्याले, तं भट्टी बी दारूची समजून फोडा."

त्यानं काठी उचलली. मला वाटलं होतं, दोन लाथा घालेल. पण अठरा वर्षांचा अनुभव होता. त्यानं बुडाशी, बांबू बसवला होता तिथं, काठीचं टोक लावून एकच दाब दिला. बांबू सांध्यासकट निघाला आणि माझं लिंपण वीतभर गोल ढासळलं. मग खालच्या बाजूला, वारा येत होता त्या अंगाला, मातीचा बांध तीन ठिकाणी फोडला. वरचं भोक कोयत्यानं त्याच्या तळहाताएवढं करून घेतलं. झापड लावलं, माती लावू दिली नाही. मी सवयीनं हात पुढे केला तेव्हा म्हणाला, "हात मांगं घ्या, बाई."

कोळसे धगधगले. पहिल्यांदाच त्यांचा आवाज आला, बारीक तडतड. वरच्या भोकातून वाफ सरळ उठायला लागली, पांढरी, जाड. ती छपराला जाऊन लागली आणि पडवीतून बाहेर गेली. मी तिच्याकडे बघत राहिले. माझ्या लंगोटातलं पाणी मडक्यात न जाता आकाशात जात होतं.

जमादार जाताना बांबू काखेत मारून घेऊन निघाला.

"तो कशाला?" मी विचारलं.

"एवढ्या पावसात आलो, हात हलवत जाऊ का? मी ते पानी प्यालो हे कुठी बोलू नका म्हंजे झालं." आणि बांबू खांद्यावर टाकून तो ओंडक्यांमागे दिसेनासा झाला. छत्री आमच्याकडेच विसरला. ती पुढच्या महिन्यात नेली.

दुपारी मी बुरुडाला बोलावून घेतलं. भोकाची कड उसवत होती, ती त्यानं ओल्या कामटीनं बांधून दिली. मीच म्हटलं, "तुम्ही सांगितलं होतं, भाऊ."

"हो जी," तो म्हणाला. "मले वाटलं, शिकल्या-सवरल्या बाईची कायतरी युक्ती असन."

पाच वाजता मी झापड काढलं. पहिला लंगोट हातात घेतला तर तो कडकडीत होता, पापडासारखा. आतल्या आत कडा वर वळल्या होत्या. अठराही तसेच. मी ते सुपात रचले आणि विहीणबाईंपुढे ठेवले. लेक भिंतीला टेकून बसली होती, कधी नव्हे ते बसून होती, आणि श्वास धरून बघत होती.

विहीणबाईंनी एकेक उचलला. एक गालाला लावला, खाली ठेवला. दुसरा लावला, ठेवला. मध्ये एक उलटा करून दुसऱ्या गालाला लावला. सतरावा लावला आणि थांबल्या.

"हा ओला हाये."

मी तो घेतला, चाचपला. कोरडा होता, ठणठणीत. मग त्यांचा गाल पाहिला. गालावरून पाणी ओघळत होतं, हसून हसून डोळ्यांतून आलेलं. जमादाराचं तोंड त्यांना तेव्हा आठवलं होतं म्हणे, आणि दुपारपासून दाबून धरलेलं सगळं एकदम सुटलं.

"डोळे पुसा आधी," मी म्हटलं. "मग गाल लावा."

त्यांनी पदरानं गाल कोरडा केला, सतरावा पुन्हा लावला आणि ढिगावर ठेवला. अठरावा पाहिलाच नाही. "सव्वा महिना," एवढंच म्हणाल्या आणि बाळ लेकीच्या हातात दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाडीवानाला चहा-पोहे दिले आणि रिकामी गाडी परत पाठवली. मग शेगडीत कोळसे भरले. बाळानं रात्रीतून नऊ लंगोट केले होते, पण पहिली खेप मी त्यांची लावली नाही. विहीणबाईंचं चिखलाचं लुगडं मी पहाटेच धुतलं होतं, ते चौपदरी करून कामट्यांवर पसरलं आणि झापड लावलं. मातीकडे हात गेला होता. मागे घेतला.